उलटा पीळ

प्रेमाने मनगटातला जुना तोडा काढून पाटावर नव्या तोड्याशेजारी ठेवला, आणि जानकीने वाकून दोन्ही निरखले. वजन तेच, घेर तोच, तिन्ही तारा सारख्याच जाडीच्या. पण जुन्याचा पीळ एका बाजूला चढत होता आणि नव्याचा बरोबर उलट्या.

"अगं, वाट लागली!" प्रेमा म्हणाली. "लग्न आठ दिवसांवर आलंय. शुभाच्या एका हातात हा घालू आणि दुसऱ्यात तो?"

जोडीतला एक तोडा गोराईच्या होडीतून उतरताना पाण्यात गेला होता. लेकीला द्यायची जोडी मोडली, म्हणून प्रेमाने घाटकोपरहून दोऱ्याचं माप आणि चिठ्ठी पाठवली होती: तीन तारांचा, अण्णांच्या हातचा होता अगदी तसाच कर. नमुना मात्र पाठवला नाही. भुंड्या हाताने लग्नाची आमंत्रणं कशी करायची?

जानकी मुलुंडला घराच्या मागच्या पडवीत एकटीच दागिने घडवायची. आधी कागदावर चित्र काढायची, मग सोन्याला हात लावायची. तगरीच्या कळ्यांवरून तिने बेतलेल्या कुड्या आळीतल्या निम्म्या बायकांच्या कानांत होत्या. तरी त्याच बायका कुड्या हातात घेऊन विचारायच्या, "अण्णांनी बघितल्यात ना?" अण्णा म्हणजे तिचे वडील. मोतीबिंदू झाल्यापासून ते नुसते तिच्या शेजारी पाट टाकून बसून असायचे.

आणि पीळ हा तर तिचा जुना दोष. लहानपणी ती शेगडीच्या पलीकडे, अण्णांच्या समोर बसून शिकली. आरशात बघून शिकावं तसं सगळं उलटं हातात बसलं. "सुंभ जळला तरी हिचा पीळ जायचा नाही," असं अण्णा येईल त्याला सांगायचे. म्हणूनच या खेपेला तिने चार दिवस मनगट ठणकेपर्यंत अण्णांसारखा पीळ घातला होता. अण्णांचा हात आपल्याला साधतो, हे एकदा तरी दाखवायचं होतं तिला.

"चुकलंच माझं," ती पुटपुटली.

"आण इकडे," अण्णा म्हणाले.

नव्या तोड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मान डोलावली. मग जुना घेतला. अंगठा अर्ध्यावर थांबला, मागे आला, पुन्हा फिरला.

"नवा बरोबर आहे. हा माझाच पीळ. जुना माझा नाही."

"असं काय करता अण्णा? माझ्या वडिलांनी तुमच्याकडूनच आणले होते ना!"

"आणले माझ्याकडून. केले होते हिने."

जानकीला आठवलं. चौतीस साली, चौदा वर्षांची असताना, तिने पहिल्यांदा सोन्याची तार पिळून तोड्यांची जोडी केली होती. अण्णांनी नाक मुरडलं होतं, "मोडीत टाक." तिने टाकले, आणि दोन दिवस धड जेवली नव्हती.

"हिवतापाने हात थरथरत होते माझे," अण्णा म्हणाले. "आणि प्रेमाचे वडील दारात बसलेले. मोडीच्या डब्यातून काढले, पुसले, दिले. म्हटलं, कोणी ओळखलं तर सांगून टाकू."

"मग?" जानकीने विचारलं.

"वीस वर्षांत कोणी ओळखलंच नाही. मग सांगायला जीभ रेटेना."

"कमाल आहे!" प्रेमा हसत सुटली. "अख्ख्या घाटकोपरला मी 'अण्णांचा हात' म्हणून दाखवत फिरतेय!"

जानकीला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. तिने जुना तोडा उजेडात धरला. चौदा वर्षांच्या पोरीने घातलेला पीळ कुठेही सैल पडला नव्हता.

"नवा वितळवून पुन्हा तार ओढते," ती म्हणाली. "परवा घेऊन जा."

"आणि व्याह्यांकडे कोणी विचारलं, कुणाच्या हातचा, तर गं?"

"जानकीच्या हातचा म्हणून सांग," उत्तर अण्णांनीच दिलं.

प्रेमा गेल्यावर जानकीने शेगडी पेटवली. अण्णा भिंतीला धरून उठले. शेजारचा आपला पाट त्यांनी उचलला, चाचपडत शेगडीच्या पलीकडे नेला, आणि ते तिच्या समोर बसले.