मूळ पट्टा

घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ तो काही बोललाच नाही. टेबलापलीकडे मायलेक बसले होते. मुलगा खुर्चीच्या अगदी कडेला, आई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.

जुनी महागडी घड्याळं घेण्या-विकण्यात या माणसाची हयात गेलेली. माल आवडला की हा आधी गप्प होतो, हे मुलाला कुठून माहीत असणार? त्याला वाटलं, घड्याळ खोटं निघालं. बाबांनी जाताना एवढंच सांगून ठेवलं होतं, घड्याळ विका आणि नातीच्या शिक्षणाला लावा.

"पंचावन्न वर्षांचं आहे," घड्याळवाला शेवटी म्हणाला. "रोज चावी द्यायचं. असल्या तबकडीची फार थोडी निघाली. मूळची पांढरी, आता सायीसारखी पिवळी पडलीय बघा. माणूस म्हातारा झाला की त्याला कुणी विचारत नाही, ह्याचा मात्र भाव चढतो. पॉलिश नाही, काटे बदललेले नाहीत. ओरखडेसुद्धा मूळचे. शौकीन लोक त्याचेच पैसे मोजतात."

मुलाचा जीव भांड्यात पडला. "बाबा कुठे समारंभ असला तरच घालायचे. एरवी कपाटात."

"कळतंय ना. पट्टाही मूळचा, बक्कलही. हे तर फारच..." बोलता बोलता तो थांबला. त्याने पट्टा दिव्याखाली धरला. कारखान्यात पाडलेली भोकं गोल, एका रेषेत होती. त्यांच्या पुढे, घड्याळाच्या दिशेने, आणखी पाच होती. वेडीवाकडी, कडा जळून काळ्या पडलेल्या.

"ही कुणाची करामत?"

"माझी," आई म्हणाली. "दाभण तापवून पाडली."

"अगं आई, काय हे? मला फोन करून विचारायचंस तरी."

"पट्टा सैल पडत होता."

"कातडं एवढं सैल पडत नाही, मावशी." घड्याळवाल्याने मोजपट्टी लावली. "चांगलं चार सेंटिमीटर..." मोजपट्टी त्याने हळूच बाजूला ठेवली.

"तेही हेच म्हणायचे, पट्टा सैल पडलाय," आई म्हणाली. "मी म्हणायचे, जुनं कातडं, पडणारच. आजारपणात रोज घालायला लागले, औषधाच्या वेळा बघायला. म्हणाले, आता कुणासाठी जपून ठेवू? हे पहिलं भोक उन्हाळ्यात पाडलं. हे त्यानंतर महिन्याने. मग आठवड्या-आठवड्याला." ती मुलाकडे वळली. "तुझा फोन आला की हातानेच खुणावायचे. मजेत आहेत म्हणून सांग."

मुलगा दर रविवारी फोन करायचा. मजेत आहेत, हे ऐकून दर रविवारी त्याला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

घड्याळवाला म्हणाला, "भोकं असली तरी पट्टा मूळचाच. घड्याळाबरोबर दिलात तर पूर्ण भाव. नाही दिलात तर पाव हिस्सा कमी."

"घड्याळ घ्या," आई म्हणाली. "पट्टा मला द्या."

"आई, पाव हिस्सा म्हणजे तिच्या कॉलेजचं एक अख्खं वर्ष आहे."

आईने वाद घातला नाही. तिने घड्याळ उचललं, स्वतःच्या डाव्या मनगटावर ठेवलं आणि हात मुलापुढे केला.

"लाव."

"कुठल्या भोकात?"

"शेवटच्या."

तिचं मनगट ते केवढं, काटकुळं. तिसऱ्या भोकात बक्कलचा काटा सहज गेला. चौथ्यासाठी जोर लावावा लागला. पाचव्यापर्यंत पट्टा येईचना. मुलाने पुन्हा ओढला, तेव्हा तिची कातडी गोळा होऊन पट्ट्याखाली चिमटली.

"पुरे," ती म्हणाली. "माझा हात नाही मावत त्यात."

मुलाने पट्टा सोडवला. तिच्या मनगटावर उठलेला वळ अंगठ्याने दोनदा चोळला. मग त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं.

"पट्टा काढून द्या," तो घड्याळवाल्याला म्हणाला. "पाव हिस्सा कमी धरा. मी बघतो पुढचं."

घड्याळवाल्याने दोन्ही बाजूंच्या, पट्टा अडकवणाऱ्या बारीक कांड्या काढल्या आणि पट्ट्याचे दोन तुकडे मुलाच्या हातावर ठेवले. भोकांचा तुकडा मुलाने उलटा केला. आतलं कातडं फिकं होतं, घामाने डागाळलेलं. पाचव्या भोकाच्याही पुढे तिथे पेनाने काढलेला एक निळा ठिपका होता.

"आणि हे?"

"ते," आई म्हणाली, "सकाळी पाडायचं होतं."