बाहुलीची आकडी

चार वर्षांच्या केतनला आकडी यायची, म्हणून पनवेलच्या दवाखान्यानं दिपिकाला पालकांच्या शिबिराला बोलावलं. मुलांना सोबत आणू नका, असं बजावलं होतं. तिनं त्याला पळस्प्याला घरीच, सासू सखूबाईपाशी ठेवलं.

शिबिरातल्या सरावाच्या बाहुलीला खऱ्या पोरासारखे झटके येऊ लागले. दिपिकानं तिला लगेच कुशीवर वळवलं, घड्याळ बघितलं.

"आता तोंडात काय घालाल?" नर्सनं विचारलं.

"काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. "आता हेच घरच्यांना शिकवा," नर्स म्हणाली. रिक्षात दिपिका तेच घोकत आली.

दारात सखूबाई नातवाला मांडीवर उताणा घेऊन बसली होती. हातात पेला आणि चमचा.



"आकडी थांबली गो त्याची. कवापासून पानी पाजतेय, पन गिळतच नाय."