गोलमटोल अक्षर

एकाहत्तर सालची गोष्ट. पाट्या रंगवणाऱ्या बाबांचं जाड, गोलमटोल अक्षर अख्खं शहर ओळखायचं. ते पाय मोडून पडले असताना त्याच अक्षरातली सरकारविरोधी घोषणा भिंतीवर उमटली आणि फौजदार घरी आले. “तुम्ही अंथरुणावर. मग हे कुणी काढलं?” आई म्हणाली, “तुमच्या चौकीची पाटीही याच अक्षरात आहे, साहेब. तिलाही बेड्या घाला.” ते हसले नाहीत. दादाच्या हातात कुंचला देऊन म्हणाले, “‘क’ काढ.” भिंतीवरची घोषणा दादानेच रंगवली होती. भीतीने त्याचा हात इतका थरथरला, की ‘क’ काटकुळा, वेडावाकडा उमटला. बाबांनी पडल्यापडल्याच त्याच्या थोबाडीत दिली. “एवढं शिकवलं, गाढवा, साधी गोलाई जमेना?” फौजदार निघून गेले. पुढे त्यांना बढती मिळाली. बाबा शेवटपर्यंत एकट्यानेच पाट्या रंगवत राहिले. कुंचला धरला की दादाचा हात आजही थरथरतो.