वहीत नसलेलं बोलावणं

"बसा," असं नव्या साहेबांनी दोनदा सांगितलं, तरी चष्मेवाली बसली नाही.

पोलीस चौकीत तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. कोपऱ्यावरच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं तिचं काम. निम्मी चौकी तिने घासलेल्या काचांतूनच जग बघत होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती यायची आणि विचारायची, "आमच्या दादाचं काही कळलं?" फाइल न उघडताच कारकून मान हलवायचा. एकोणीस वर्षं हेच. एकदा तर फाइल डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सापडली. त्या दिवशी तिने अख्खी चौकी डोक्यावर घेतली होती.

आज मात्र साहेबांनी तिला स्वतःहून बोलावलं होतं. तिच्यासोबत बाबाही आले होते.

"मागे तुम्ही लाळेचा नमुना दिला होतात," साहेब म्हणाले. "तो जुळला. सोळा वर्षांपूर्वी नदीकाठी एक अनोळखी मृतदेह मिळाला होता. त्याचा एक दात जपून ठेवला होता. तो तुमच्या भावाचा आहे, ताई. सांगायला फार वाईट वाटतंय."

चष्मेवालीने टेबलाची कड घट्ट धरली. मागे बाकावर बाबा खाली मान घालून बसले होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला माणूस, कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही.

तिला रडू येणार होतं, पण त्याआधी संताप आला.

"सोळा वर्षांपूर्वी? म्हणजे दादा हरवून तेव्हा तीनच वर्षं झाली होती! फोटो तुमच्याकडे, फोन नंबर तुमच्याकडे, आणि तो तुमच्याच शवागारात पडलेला? घरच्यांना कळवायची अक्कल नव्हती कुणाला?"

"ताई, मी तेव्हा..."

"तेव्हा तुम्ही शाळेत असाल, ठाऊक आहे मला!" तिने पर्समधून एक फाटकी वही काढून टेबलावर आपटली. "ही बघा. तुमचा एकेक फोन यात लिहिलाय. सात वेळा बोलावलंत, सात प्रेतं बघायला. आईचं हृदय अधू, म्हणून दर वेळी बाबा गेले. आपला नाही, असं त्यांनी येऊन सांगितलं की मगच आई घास घ्यायची. पण त्या सालात फोन नाही. एकही नाही! असला तर दाखवा मला!"

साहेब वही चाळत राहिले. दारातला शिपाई हळूच सटकला.

"आमच्या घराचं काय झालं माहीत आहे तुम्हाला? आई तो जुना फोन काढू देत नाही. कुणी मिनिटभर जास्त बोललं की अंगावर धावून येते; त्याचा फोन आला तर? घर बदललं नाही, पत्ता चुकेल म्हणून. 'तो येत नाही तोवर मी मरत नाही,' म्हणते. आणि मी? माझं लग्न दोनदा ठरलं, दोनदा मोडलं. दादा आल्याशिवाय नाही, म्हणाली आई. दुसरा तर तीन वर्षं थांबला होता बिचारा! तुम्ही तेव्हाच सांगितलं असतंत, तर आम्ही रडलो असतो, सावरलो असतो. आज माझी पोरं शाळेत गेली असती!"

"पोरी," बाबा म्हणाले, "जाऊ दे. घरी चल."

"काय जाऊ दे?" ती गर्रकन वळली. "जन्मभर हेच तुमचं! तुम्ही शेपूट घालता म्हणून हे लोक डोक्यावर बसतात!"

असं ती बाबांना आजवर कधी बोलली नव्हती. बाबा पुन्हा खाली बघू लागले.

"तक्रार लिहून घ्या, साहेब. तेव्हा जो कोण होता त्याचं नाव हवंय मला. निवृत्त झाला असेल तर घरातून ओढून आणा. मेला असेल तरी लिहा. माझी सोळा वर्षं ज्याने खाल्ली तो एक माणूस मला हवाय. त्याला मी सोडणार नाही!"

साहेबांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"आज राहू दे, ताई. आधी आईंना कसं सांगायचं ते..."

"आत्ताच्या आत्ता!"

साहेबांनी नाइलाजाने खण उघडला. जाडजूड नोंदवही काढून तिच्यातलं एक पान उघडलं.

"घरी फोन केला नव्हता," ते हलकेच म्हणाले. "त्या दिवशी लाइन बंद होती. शिपायाला कामाच्या जागी पाठवलं होतं."

"कुणाच्या कामाच्या जागी?"

साहेबांनी नोंदवही तिच्याकडे फिरवली. चष्मेवाली वाकली. शाई विटली होती, पण अक्षर स्वच्छ लागत होतं.

'मृतदेह जवळून पाहिला. हा माझा मुलगा नाही.'

खाली बाबांची सही होती. आणि त्याखाली, पालिकेच्या माणसाच्या हातची एक ओळ: 'बेवारस म्हणून दफन केले. शेवटपर्यंत हजर: वर सही करणारे गृहस्थ, एकटे.'