बरंय, सिस्टर

"पुतळ्याचा रक्तस्राव वाढवलाय. आता कण्हू का?" सरावाच्या वॉर्डातल्या काचेमागे बसलेल्या कांबळी मॅडमना पुतळा चालवणाऱ्या एआय सहायकाने कानात विचारलं.

"नको. आमच्या बाळंतिणी सासूसमोर कण्हत नाहीत. अशीच एक 'बरंय' म्हणता म्हणता गेली. तूही तेवढंच म्हण."

खाटेवरची पुतळा-बाळंतीण सासूचं काम करणाऱ्या मुलीकडे बघत कसनुसं हसली. "बरंय, सिस्टर."

नर्सिंगची विद्यार्थिनी तेजल दारापर्यंत गेली नि थबकली. सासू झालेल्या मैत्रिणीला म्हणाली, "आई, तुम्ही जरा बाहेर बसा."

दार लागलं. तेजलने चादर उचलली, तोच बाळंतीण कुजबुजली, "अंगावरून फार जातंय हो."

मॅडम चमकल्या. "हे बोलायला तुला कुणी सांगितलं?"

"सासू बाहेर गेली ना, मॅडम," सहायक म्हणाला.