सहाच्या पुढे

"व्यायामाआधी ती दुखण्याची गोळी देऊ नका, गुंगी येते," सासऱ्यांच्या गुडघ्यासाठी येणारी फिजिओथेरपिस्ट बजावून गेली होती. मी हो म्हटलं आणि विसरले. तेव्हा मला काळजी माझ्या मुलाची, शुभंकरची होती. साडेतीन वर्षांचा झाला तरी त्याचे आकडे सहाच्या पुढे जाईनात. शेवटी वारज्याच्या प्लेग्रुपमधल्या बाईंनी बोलावून घेतलं.

"अहो, याला घरी आकडे कोण शिकवतं?"

"आजोबा. व्यायाम करताना ते मोठ्याने मोजतात, हा शेजारी आडवा होऊन ऐकतो."

"तरीच. पोर हुशार आहे हो. सहा म्हणतं, डोळे मिटतं आणि व्यवस्थित घोरतं."



तुमच्याकडेही आतल्या खोलीतून व्यायामाचे आकडे ऐकू येत असतील, तर जरा डोकावून बघा, कुणी दहापर्यंत पोचतंय का.