टेबलाच्या टोकाचा माणूस

चित्रातलं सयांचं, म्हणजे गुरुजींचं, नाक एका फटक्यात पुसलं गेलं. डोळे जाईनात. को वुन्नाने बोळा पुन्हा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि कॅनव्हासवर घासला.

"पुसतोयस?" मागून मा तिंझा ओरडली. गॅलरी तिची होती. "अरे, चित्राचा जीव आहे तो!"

"सया येतायत उद्घाटनाला. आत्ता त्यांच्या मुलीचा फोन आला."

चित्र भिंतभर होतं. लांबलचक टेबल, भोवती यांगूनमधली बडी पुण्यवान मंडळी. प्रत्येकाच्या खांद्यावर व्रत धरल्याचं तपकिरी उपरणं. व्रतात दुपारनंतर अन्न वर्ज्य, पण बाहेर दिवे लागलेले आणि ताटांत डुकराचं मांस, खेकडे. चहाच्या किटल्यांमधून व्हिस्की ओतली जात होती. टेबलाच्या टोकाला किटली धरून बसले होते सया ऊ साव ल्विन, वुन्नाचे चित्रकलेचे गुरू. वर्षावासाच्या तीन महिन्यांत सया विहारात संयमावर बोलत आणि घरी आपली किटली कुणाला उचलू देत नसत. आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नव्हतं.

"कुणाला सोडणार नाही म्हणाला होतास ना?"

"मंत्र्याला सोडलं? ठेकेदाराला सोडलं? पण माझ्या हातात ब्रश कुणी दिला, तिंझा?"

"मग काय, तिथे भोक ठेवणार? पाहुणे यायची वेळ झाली."

भोक ठेवता येत नव्हतं. वुन्नाने खिडकीतून खाली पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी ऊ फो टोक छत्र्या दुरुस्त करत बसला होता. बसलेले गाल, जाड भुवया, पुढचे दात गेलेले. वुन्नाचा हात भराभर चालू लागला.

"त्याने पाहिलं तर?" तिंझाने विचारलं.

"तो? तो कशाला जिना चढतोय?"

पाहुणे आले. चित्रापुढे हशा पिकला. ठेकेदारालासुद्धा स्वतःच्या चेहऱ्यात आपला मेहुणाच दिसला. टोकाच्या माणसाकडे बोट दाखवून एकजण म्हणाला, "हा बघा, अस्सल बेवडा!" वुन्नाही हसला.

मग जिन्यावर काठी वाजली. सया भिंतीचा आधार घेत आत आले. अंगावर इस्त्रीचं पांढरं जाकीट, दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतलेले, काठीही बाहीच्या आतूनच धरलेली. वर्षावास नुकताच संपला होता. शिष्यांनी गुरूपुढे डोकं टेकायचे दिवस होते. वुन्नाने फळांची करंडी पुढे ठेवली आणि तो गुडघ्यांवर बसला.

"थांब," सया म्हणाले. "आधी चित्र."

ते चित्रासमोर उभे राहिले. एकेक चेहरा पाहत टोकाला पोचले. तिथे फार वेळ थांबले.

"हा कोण?"

"असाच, सया. मनातला."

"मनातला? आत्ता खाली मला दम लागला, तेव्हा ह्यानेच स्वतःचं स्टूल दिलं मला. पितो का रे तो?"

वुन्नाने मान खाली घातली. "माहीत नाही, सया."

मा तिंझा छताच्या पंख्याकडे बघत राहिली.

"मला कळलं होतं, तू मला काढलंयस म्हणून," सया म्हणाले. "मुलगी म्हणाली, बाबा, जाऊ नका, शोभा होईल. झोप उडाली होती माझी. पण म्हटलं, जायचं. सगळ्यांच्या देखत त्या चित्राशेजारी उभं राहायचं. ह्या लपवाछपवीतून एकदाचा सुटेन. इतका जिना चढून आलो, आणि तू मला वाचवून ठेवलंस!"

वुन्नाचं कपाळ जमिनीला टेकलं. "माफ करा, सया."

"माझी कसली माफी मागतोस? ऊठ."

सयांनी कोपऱ्यातली खुर्ची काठीने ओढून खिडकीपाशी घेतली आणि उजेडाकडे तोंड करून बसले. मग त्यांनी बाह्यांतून हात बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर गुडघ्यांवर ठेवले.

"पूस त्याला. मला काढ," ते म्हणाले. "हात थरथरतात माझे. ते तसेच काढ."